परभणीच्या दाव्यातले नव्व्याण्णव-अ

निकालपत्रापेक्षा मला रोजनामा वाचायला जास्त आवडतो. निकाल बेतून लिहिलेला असतो. दाव्याची खरी चाल रोजनाम्यात दिसते: 'प्रतिवादी 2 वर समन्सची बजावणी नाही', 'कैफियतीसाठी मुदत', 'वादीची पुरसिस', 'मुद्द्यांसाठी'. साक्षीपुरावा सुरू व्हायच्या आधीची ही वाट परभणी जिल्ह्यात एका जागी अशी वळते, की पुण्याहून आलेला वकील तिथे हमखास चुकीचे पुस्तक उघडतो.

सुरुवात सगळीकडे सारखीच. जमीन जिथे, दावा तिथे. शेत जिंतूर तालुक्यात तर दावा जिंतूरला. मूल्यांकन कमी असेल तर कनिष्ठ स्तर, जास्त असेल तर वरिष्ठ. परभणीसारख्या ठिकाणी एका स्तराचे अनेक न्यायाधीश असले, की काम कुणाच्या टेबलावर जायचे हे वाटपाच्या आदेशाने ठरते. जिल्हा न्यायाधीश दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली दावा दुसरीकडे वर्ग करू शकतात. पक्षकाराला न्यायाधीश निवडता येत नाही. मग समन्स, आणि 30 दिवसांत कैफियत, फार तर 90. ही नव्वदची मर्यादाही सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सैल केली, त्यामुळे मुदतीचा अर्ज हा दिवाणी कोर्टातला सर्वांत लोकप्रिय साहित्यप्रकार म्हणायला हरकत नाही.

वळण येते ते कैफियतीत. वादी म्हणतो, जमीन माझी, प्रतिवादीने घुसखोरी केली, ताबा द्या. प्रतिवादी उत्तर देतो: आमचे वडील या जमिनीचे संरक्षित कूळ होते. एवढ्या एका वाक्याने दिवाणी न्यायाधीशाचे हात बांधले जातात. मुद्दा तो काढतो, 'प्रतिवादी संरक्षित कूळ असल्याचे शाबीत करतो काय?' पण त्याचे उत्तर देण्याचा अधिकार त्याला नाही.

कारण इथे अजून एका गेलेल्या राज्याचा कायदा चालतो: हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950. पश्चिम महाराष्ट्रात 1948 चा मुंबई कुळकायदा. परभणी 1956 साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आली, तरी राज्य पुनर्रचना कायद्याने जुने कायदे ज्या त्या मुलखात कायम ठेवले. संरक्षित कूळ कोण, हे सांगताना हा कायदा चक्क फसली सन मोजतो. फसली 1342 ते 1352, म्हणजे साधारण 1933 ते 1943, या काळात सलग सहा वर्षे जमीन कसली असेल तर संरक्षण. किंवा 1 जानेवारी 1948 च्या लगत आधीची सलग सहा वर्षे. आजचा परभणीकर वकील त्यासाठी संरक्षित कुळांची नोंदवही आणि 1954-55 चे खासरा पत्रक शोधतो. त्याही मागे जायचे, तर उर्दू वाचणारा माणूस गाठावा लागतो.

या कायद्याच्या कलम 99-अ चे म्हणणे असे: कायद्याखालच्या अधिकाऱ्याने, म्हणजे इथे तहसीलदाराने, ठरवायचा मुद्दा दाव्यात निघाला, की दावा थांबवा, मुद्दा त्याच्याकडे पाठवा, निर्णय आला की त्याप्रमाणे दावा निकाली काढा. मुंबई कायद्यातले भावंड म्हणजे कलम 85-अ. त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच सांगितले, की दावा परत करायचा नाही, तेवढा मुद्दा पाठवायचा.

वाद आहे तो यावर, की मुद्दा 'निघाला' असे म्हणायचे केव्हा? 'आम्ही कूळ आहोत' एवढे लिहिले की झाले? माझ्या मते नाही. कोणत्या सालापासून, कुणाकडून, किती खंडाने, हे सांगणे भाग पाडल्याशिवाय मुद्दा काढणे म्हणजे प्रतिवादीला फुकटची तहकुबी देणे. तपशील मागण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 10 त्याचसाठी आहे, आणि तो वापरायला खर्च येत नाही. मुद्दा एकदा तहसिलात गेला, की तिथला निर्णय, त्यावर अपील, मग महसूल न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालयाचे खंडपीठ, एवढ्या पायऱ्या मोकळ्या होतात.

असाच दुसरा अडसर राज्यभर होता, त्याचा नंबरही जवळपास हाच: दिवाणी प्रक्रिया संहितेचे महाराष्ट्रापुरते कलम 9-अ. तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर अधिकारक्षेत्राची हरकत आली, की तो मुद्दा आधी ठरवा, असा हुकूम. सरकारला आगाऊ नोटीस न देता दावा लावायचा, मनाई मिळवायची, आणि नंतर दावा काढून घ्यायचा, अशी युक्ती रोखायला ते आले. पण दावा लांबवू पाहणाऱ्या प्रतिवादींच्या हाती ते हत्यार झाले. 2018 मध्ये ते वगळले, आणि 2019 साली नस्ली वाडियांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ लावला. मेलेल्या कलमाचे इतके बारकाईने शवविच्छेदन क्वचितच झाले असेल!

9-अ गेले याचे दुःख नाही. 99-अ बद्दल मात्र मी वेगळा विचार करतो. ते निजामी मुलखातल्या कुळासाठी आले. कागद जमीनदाराच्या घरात आणि घाम कुळाच्या अंगात, अशा जमिनीवर मालकीचा दाखला बघून निकाल लागला असता, तर कूळ दर वेळी हरले असते. पुढे जायकवाडीचा डावा कालवा आला, जमिनींना भाव आला, आणि नातवांना आजोबांचे कूळपण आठवू लागले, असाही माझा अंदाज आहे. खऱ्या कुळाचा हक्क आणि नातवाची चलाखी यांतला फरक साक्षीच्या पिंजऱ्यात नव्हे, कैफियत वाचताना आणि मुद्दे काढताना दिसतो. आणि ते काम नेमके त्या दिवशी होते, ज्या दिवसाच्या रोजनाम्यात एकच ओळ असते: 'मुद्दे काढले, निशाणी 21.'