गिधाडांची जुनी घरटी: वडीलधाऱ्यांच्या आठवणी



पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर सेवेसाठी जाताना हल्ली मी वयस्कर मंडळींना एक जास्तीचा प्रश्न विचारतो : "बाबा, पूर्वी गिधाडे कुठे घरटी करायची?" हे कशासाठी, असे अनेकांनी विचारले, म्हणून लिहितो.

१९९० नंतर आपल्या देशातील गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे त्याचे मुख्य कारण. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. पण मादी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे संख्या लवकर वाढत नाही. गिधाडे वर्षानुवर्षे त्याच जागी घरटी करतात. म्हणून कोणती झाडे व कोणते कडे राखायचे, हे जुन्या आठवणींतून कळते.

विचारण्याचीही रीत आहे. साल विचारले तर उत्तर मिळत नाही. "बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?", "थोरल्याच्या लग्नाच्या वेळी होती का?" असे विचारले की आठवते. घरटे झाडावर होते की कड्यावर, हेही विचारतो. पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड उंच झाडावर घरटे करते, लांब चोचीचे बहुधा कड्यावर. पिल्लू पाहिले होते का, हे विचारल्याशिवाय ती जागा घरट्याची धरत नाही. ती नुसती रात्रीच्या बसण्याचीही असू शकते. मग दुसऱ्या घरी तेच पुन्हा विचारतो.

एका आजींनी मला आंब्याचे नुसते खोड दाखवले. "भात कापून झाले की इथे यायची," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारले, "जागा सांगितली तर जंगलात जायला आम्हाला बंदी होईल का?"

मी वही मिटली. ज्यांच्या पिढ्या या रानात गेल्या, त्यांच्या आठवणी त्यांच्याच विरोधात वापरल्या जाऊ नयेत. तेव्हापासून नियम केला आहे : आधी पाड्याच्या बैठकीत विचारायचे, लिहिलेले वाचून दाखवायचे, आणि नको म्हटले तर खोडायचे. पुढे आजींनी स्वतःच आणखी एक कडा दाखवला.

ज्यांच्याकडे गुरे आहेत, त्यांनी दुखण्यावर मेलॉक्सिकॅमबद्दल पशुवैद्यांना विचारावे. ते गिधाडांना अपायकारक नाही. आणि या वडीलधाऱ्यांसाठी प्रार्थना करावी. देवाच्या या पाखरांची आठवण त्यांनीच जपली आहे.