शिशूस भाजी द्यावी, भाजीचे पाणी नव्हे

बालकास वरचे अन्न काय द्यावे, हा प्रश्न चिकित्सालयाइतकाच औषधालयाच्या गल्ल्यावरही विचारला जातो. घरी शिजवलेली भाजी द्यावी, हे आपले उत्तर योग्यच आहे. परंतु तेवढ्याने कर्तव्य संपत नाही. अनेक घरांत पालक, गाजर व बीट एकत्र उकळून, गाळून, केवळ पाणी बाटलीने पाजले जाते. या प्रथेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

अशा पाण्याने शिशूचे लहानसे जठर भरते, पोषण मात्र अल्प होते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पालक, बीट यांसारख्या भाज्यांत नायट्रेट विपुल असते व उकळताना ते पाण्यात उतरते. शिजवलेली भाजी उघड्यावर राहिल्यास जंतूंमुळे त्याचे नायट्राइट बनते. ते रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती हरण करते. ओठ व नखे निळसर दिसल्यास बालकास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. आतड्याचा जंतुसंसर्ग असलेल्या शिशूस पालक देऊ नये, असा अभिप्राय युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये दिला.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात अनेक पालेभाज्या स्विन्न करून, रस पिळून काढून, स्नेहयुक्त सेवन करण्यास सांगितले आहे. नायट्रेटचा विचार प्राचीनांपुढे नव्हता. तथापि त्यांचा हा विधी आजही उपयुक्त ठरतो.

काळासंबंधी ग्रंथांत भेद आहे. सुश्रुतांनी सहाव्या मासात लघु व हितकर अन्न सांगितले. काश्यपसंहितेत सहाव्या मासात फलप्राशन व दहाव्या मासात अन्नप्राशन आहे. सहा महिन्यांनंतर केवळ स्तन्यातून लोहाची गरज भागत नाही, म्हणून धान्य व डाळीसाठी दहाव्या मासापर्यंत थांबू नये, असे आमचे मत आहे. १८० दिवस पूर्ण झाल्यावर, मान सावरून बालक आधाराने बसू लागले की आरंभ करावा. स्तनपान चालूच ठेवावे.

प्रारंभी लाल भोपळा, दुधी किंवा रताळे घ्यावे. दुधीचा कच्चा तुकडा चाखून पाहावा व कडू लागल्यास तो फळ टाकून द्यावा. थोड्या पाण्यात मऊ वाफवून, कुस्करून, चमच्यावरून ओघळणार नाही इतके दाट करावे व किंचित तूप घालावे. पहिल्या दिवशी दोन-तीन लहान चमचे पुरेत. नवी भाजी एका वेळी एकच देऊन तीन दिवस पुरळ, वांती व अतिसार यांवर लक्ष ठेवावे. पुढे तीच मुगाच्या खिचडीत मिसळावी. मीठ व साखर घालू नये. अनुपान म्हणूनही मध एक वर्षापर्यंत वर्ज्य समजावा. त्यातील बोट्युलिझमचे बीजाणू शिशूस घातक ठरू शकतात. कच्च्या गाजराचे तुकडे व अख्खे वाटाणे श्वासमार्गात अडकतात. भाजी त्या वेळेपुरतीच शिजवावी, उरलेली पुन्हा गरम करून देऊ नये. पर्युषित अन्नाचा निषेध येथे विशेष पाळावा.

औषधालयचालकांचे दायित्वही मोठे आहे. १९९२ च्या कायद्याने व त्यातील २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालील बालकांच्या तयार आहाराच्या जाहिरातीस मनाई केली आहे. तेव्हा फलक लावण्याऐवजी मातेस एवढेच विचारावे: "बाळाला भाजी देता, की तिचे पाणी?" या एका प्रश्नाने पुष्कळ अनर्थ टळतील.