ऊसदर : खर्च की नफ्याची वाटणी?

हिशेब म्हणजे आकडे आणि आकडे म्हणजे निर्विवाद सत्य, अशी एक समजूत सुशिक्षितांतही रूढ आहे. वस्तुतः मोठ्या संस्थेच्या ताळेबंदातील पुष्कळसे आकडे मोजलेले नसून ठरविलेले असतात. यंत्र किती वर्षे टिकेल, येणे रकमेपैकी किती बुडेल, गोदामातील माल उद्या कोणत्या भावाने जाईल, या प्रश्नांची उत्तरे वर्षअखेरीस कोणीतरी द्यावयाची असतात आणि ती एकाहून अधिक असू शकतात. नियमांच्या चौकटीत राहून त्यांतील एक निवडण्याचा जो अधिकार व्यवस्थापनास असतो, त्यास प्रस्तुत लेखात ‘हिशेबी विवेकाधिकार’ असे म्हटले आहे. लबाडी याहून निराळी. जानेवारी २००९ मध्ये उघडकीस आलेल्या सत्यम् कंपनीच्या प्रकरणात बँकेत नसलेली शिल्लक पुस्तकात दाखविली होती. तेथे विवेकाचा प्रश्नच नव्हता.

या अधिकाराचा वापर कोण, केव्हा व कशासाठी करतो, याचा पद्धतशीर अभ्यास मुख्यतः अमेरिकेत झाला. रॉस वॉट्स व जेरोल्ड झिमरमन यांच्या १९८६ च्या ग्रंथाने या विचारास सिद्धांताचे रूप दिले. पॉल हीली यांनी १९८५ मध्ये दाखविले की, अधिकाऱ्यांचा बोनस नफ्याशी बांधलेला असेल तर हिशेबातील निवडीही त्या बोनसच्या मर्यादा पाहून होतात. जेनिफर जोन्स यांचा १९९१ चा निबंध याच्या उलट दिशेचा आहे. परदेशी आयातीविरुद्ध सरकारी संरक्षण मागणाऱ्या कंपन्या चौकशीच्या काळात नफा कमी दाखवितात, असे त्यांस आढळले. नफा फुगविण्याइतकाच तो लपविण्यातही लाभ असू शकतो, हा त्यातील बोध आपल्या विषयास फार जवळचा आहे.

हे सर्व संशोधन भागधारकांच्या कंपन्यांविषयी आहे. गडहिंग्लजच्या परिसरात ज्या ‘कंपनी’चा ताळेबंद लोकांच्या जिव्हाळ्याचा असतो, ती म्हणजे सहकारी साखर कारखाना. प्रवरानगरच्या कारखान्याचे पहिले गाळप १९५० मध्ये झाले. तेव्हापासून या संस्थेचे एक वैशिष्ट्य कायम आहे. तिचा मालक तोच तिचा पुरवठादार असतो. सभासदाला लाभांशापेक्षा उसाचा दर महत्त्वाचा. कंपनी आपला कच्चा माल खरेदी करते आणि उरते तो नफा. कारखान्यात मात्र इतर सर्व खर्च वजा जाता उरते तो ऊसदर, आणि त्यानंतर पुस्तकात नफा म्हणून जे राहते ते बहुधा नाममात्र. म्हणून येथे विवेकाधिकाराचा माग काढावयाचा तर नफ्याच्या ओळीकडे पाहून चालत नाही.

साखरेच्या साठ्याचेच उदाहरण घेऊ. गाळप साधारणतः कार्तिकात सुरू होऊन फाल्गुन-चैत्रापर्यंत चालते आणि हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते. म्हणजे गोदामे जवळजवळ भरलेली असतानाच ताळेबंद मांडावा लागतो. साठ्याची किंमत उत्पादनखर्च किंवा निव्वळ विक्रीमूल्य यांपैकी जे कमी असेल ते धरून लावावी, असा हिशेबाचा मानदंड आहे. आता एक कल्पित कारखाना घ्या : गाळप ५ लाख टन, उतारा १२ टक्के, उत्पादन ६ लाख क्विंटल, पैकी ३१ मार्चला शिल्लक ४ लाख क्विंटल. बाजार उतरला असून विक्रीमूल्याचा अंदाज क्विंटलला ५० रुपयांनी इकडचा तिकडे झाला, तर एकूण फरक २ कोटी रुपयांचा, म्हणजे टनामागे ४० रुपयांचा पडतो. शंभर टन ऊस घालणाऱ्याच्या दृष्टीने हे ४,००० रुपये होत. दोन्ही अंदाज प्रामाणिक असू शकतात आणि लेखापरीक्षकास दोन्ही मान्य करावे लागतील.

याहून मनोरंजक गोष्ट निराळीच आहे. साखरेच्या उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा उसाच्या किमतीचा. परंतु ३१ मार्चला उसाचा अंतिम दर बहुधा ठरलेला नसतो. तो पुढे ठरतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत त्याची चर्चा होते. दर ठरल्याखेरीज साठ्याची किंमत निघत नाही, साठ्याची किंमत ठरल्याखेरीज नफा निघत नाही आणि नफा किती हे कळल्याखेरीज दर ठरत नाही, असे हे चक्र आहे. त्याचा परिणाम पाहा. वरील कारखान्याने टनाला १०० रुपये अधिक देण्याची तरतूद केली, तर त्यातील सुमारे ६७ रुपये शिल्लक साखरेच्या खर्चात, म्हणजे साठ्याच्या किमतीत मिसळतात. चालू वर्षाच्या नफातोटा पत्रकावर भार पडतो तो ३३ रुपयांचाच. उरलेला भार पुढच्या वर्षी, साखर विकली जाईल तेव्हा. उत्पादनखर्च विक्रीमूल्याच्या वर गेला की ही वाट बंद होते. तोवर मात्र उदार दर जाहीर करणे वाटते त्याहून स्वस्त असते. संचालक मंडळाची निवडणूक जवळ असताना या सोयीचा उपयोग होतो किंवा कसे, हा तपासून पाहण्याजोगा प्रश्न आहे.

ऊसदराचे हे दुहेरी स्वरूप न्यायालयापर्यंत गेले. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये केंद्र सरकार किमान वैधानिक किंमत ठरवी. १९७४ मध्ये भार्गव आयोगाच्या शिफारशीनुसार त्यात ‘५ अ’ हे कलम आले आणि अधिक मिळालेल्या उत्पन्नातून अतिरिक्त किंमत देण्याची तरतूद झाली. महाराष्ट्रातील कारखाने किमान किमतीहून बराच अधिक दर देत. आयकर खात्याचे म्हणणे असे की, हा अधिक दर म्हणजे सभासदांना वाटलेला नफाच होय. सबब तो खर्च म्हणून वजा मिळणार नाही. कारखान्यांचे म्हणणे, ही मालाची किंमत आहे. शहादे येथील सातपुडा तापी परिसर कारखान्याच्या प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न पुन्हा तपासणीसाठी खाली पाठविला. तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात ५ मार्च २०१९ रोजी त्याने असा निर्णय दिला की, दोन दरांतील संपूर्ण फरक हा नफ्याची वाटणी ठरत नाही. त्यात नफ्याचा जेवढा अंश असेल तेवढाच वाटणी समजावा, आणि तो अंश कारखान्याने दरनिश्चितीसाठी राज्य सरकारला सादर केलेल्या हिशेबांवरून काढावा. मध्यंतरी २०१५ च्या वित्त कायद्याने शासनाने ठरविलेल्या वा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून मान्य केली होती. २०२३ च्या अर्थसंकल्पाने आकारणी वर्ष २०१६-१७ पूर्वीच्या रकमांनाही तीच सवलत दिली. त्यामुळे सहकारी कारखान्यांस सुमारे १०,००० कोटी रुपयांचा दिलासा मिळेल, असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. एका नोंदीच्या नावावर एवढी रक्कम अवलंबून होती.

२००९ मध्ये किमान वैधानिक किमतीच्या जागी रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेली ‘एफआरपी’, आली आणि ‘५ अ’ रद्द झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये असा हा दर होता. यामुळे निवडीस वाव संपला, असे वाटणे साहजिक आहे; प्रत्यक्षात तो दुसरीकडे सरकला. एक तर तोडणी-वाहतुकीचा खर्च एफआरपीतून वजा होतो, आणि तो जवळच्या व लांबच्या उसावर कसा वाटावयाचा हा हिशेबाचाच प्रश्न आहे. दुसरे, उतारा कोणत्या हंगामाचा धरावयाचा? चालू हंगामाचा उतारा धरून एफआरपी हप्त्यांनी देण्यास मुभा देणारा राज्य शासनाचा फेब्रुवारी २०२२ चा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविला. तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उपपदार्थ. महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे साखर व प्राथमिक उपपदार्थ यांच्या उत्पन्नाचे ७० टक्के, किंवा केवळ साखरेच्या उत्पन्नाचे ७५ टक्के, उसासाठी द्यावयाचे. परंतु कारखान्याची मळी त्याच कारखान्याच्या आसवनीला जाते आणि बगॅस त्याच्याच वीजप्रकल्पात जळतो. एका खात्याने दुसऱ्या खात्याला कोणत्या भावाने माल दिला, हे ठरविणारा एकच असतो. मळीचा भाव कमी धरला की उसाच्या वाट्याचे उत्पन्न घटते आणि आसवनीचा नफा वाढतो.

सहकारी साखर कारखान्यांवरील दोन प्रसिद्ध निबंध या संदर्भात वाचनीय आहेत. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी व देबराज रे यांनी २००१ मध्ये महाराष्ट्रातील सुमारे शंभर कारखान्यांची १९७१ ते १९९३ या काळातील माहिती अभ्यासून असे मांडले की, बडे सभासद ऊसदर दाबून कारखान्यात शिल्लक निर्माण करतात व तिचा विनियोग आपल्या हिताने करतात. जमिनीच्या वाटपात विषमता जितकी अधिक, तितका दर कमी. संदीप सुखटणकर यांच्या २०१२ च्या निबंधात राजकीय नियंत्रणाखालील कारखाने निवडणुकीच्या वर्षी कमी दर देतात, असा निष्कर्ष आहे. वर वर्णिलेल्या उदार दराच्या शक्यतेशी तो विसंगत वाटेल. पण विधिमंडळाची निवडणूक आणि कारखान्याची निवडणूक या दोन गोष्टी आहेत. पहिलीत पैसा लागतो. दुसरीत मतदार हा खुद्द ऊस घालणारा असतो.

या दोन्ही निबंधांत दर पाहिला आहे, ताळेबंद उघडलेला नाही. विद्यार्थ्यांस येथे मोकळे रान आहे. परंतु जोन्स यांचे सूत्र जसेच्या तसे लावण्याचा मोह टाळावा. ते विक्रीतील बदल व स्थिर मालमत्ता यांवरून ‘स्वाभाविक’ हिशेबी रकमांचा अंदाज करते. ज्या धंद्यात वर्षअखेरीचा साठा उत्पादनाच्या निम्म्याहून अधिक असू शकतो आणि शासनाचे विक्रीकोटे महिन्यागणिक ठरतात, तेथे हा अंदाज डळमळतो. तसेच बर्गस्टालर व डिचेव्ह यांनी १९९७ मध्ये अमेरिकन कंपन्यांत अल्प नफ्याची गर्दी व अल्प तोट्याची टंचाई दाखवून तीत हेराफेरीची खूण पाहिली. सहकारी कारखान्याचा नफा मुळातच अल्प ठेवलेला असतो. तेथे ही गर्दी काहीच सिद्ध करीत नाही.

त्यापेक्षा वार्षिक अहवाल व पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडे जाणारी विवरणे शेजारी ठेवून तीन आकडे ओळीने दहा-पंधरा वर्षे उतरवावेत : ३१ मार्चचा साठ्याचा दर, त्याच साखरेची पुढील सहा महिन्यांतील प्रत्यक्ष विक्रीची सरासरी आणि मळीचा आसवनीस लावलेला भाव. पहिल्या दोहोंतील अंतर एकाच दिशेने व ठराविक वर्षीच वाढत असेल, तर अंदाज चुकला एवढे म्हणून भागणार नाही. गडहिंग्लजला याचा एक विशेष फायदा आहे. हरळीचा कारखाना महाराष्ट्राच्या सहकार कायद्याखाली, तर हिरण्यकेशीच्याच काठी पण सीमेपलीकडे संकेश्वरचा कारखाना कर्नाटकात. पाणी, जमीन आणि पावसाळा जवळपास सारखे आणि दरनिश्चितीची राज्यपातळीवरील यंत्रणा मात्र भिन्न, अशी तुलना इतरत्र सहसा मिळत नाही.