गिलगित हस्तलिखिते : जतन आणि अंकीकरण

१९३१ मध्ये गिलगितजवळ नौपूर येथील एका प्राचीन वास्तूच्या अवशेषांत बौद्ध हस्तलिखितांचा संग्रह सापडला. त्यातील बहुतांश पाने भूर्जपत्राची असून भाषा संस्कृत आहे. मूलसर्वास्तिवाद संप्रदायाच्या ‘विनयवस्तु’चा मोठा भाग मूळ संस्कृतात याच संग्रहामुळे उपलब्ध झाला. संग्रहाचा प्रमुख भाग नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असून काही पाने श्रीनगर व लंडन येथे आहेत.

भूर्जपत्राचे पातळ थर कालांतराने सुटतात, कडा तुटतात. प्रत्येक हाताळणीने ही हानी वाढते. डॉ. रघुवीर व डॉ. लोकेशचंद्र यांनी १९५९ ते १९७४ या काळात या पानांच्या कृष्णधवल प्रतिकृती प्रसिद्ध केल्या. परंतु काळवंडलेल्या सालीवरील काळी शाई अशा प्रतिकृतीत सहज ओळखू येत नाही. सुस्पष्ट रंगीत अंकीय प्रतिमेमुळे हे वाचन सुकर होते, तसेच विखुरलेली पाने संगणकाच्या पडद्यावर एकत्र अभ्यासता येतात. मात्र ग्रंथनाम, पत्रांक व लिपी यांची नोंद सोबत नसेल तर प्रतिमा शोधणेच कठीण होते. अंकीय प्रतीही वेळोवेळी नव्या माध्यमावर उतरवावी लागते. शिवाय शाई व साल यांचे रासायनिक परीक्षण केवळ मूळ पानावरच शक्य असल्याने अंकीकरणानंतरही त्याच्या जतनाची जबाबदारी कायम राहते.