डोळे पिवळे न करणारी कावीळ

कसाऱ्यापासून मुरबाडपर्यंतच्या पाड्यांवर कावीळ झाली की अजूनही अनेकांची पहिली धाव वैदूकडे असते. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. काही आठवड्यांत माणूस बरा होतोही. पण तो बरा होतो, कारण पावसाळ्यात पसरणारी कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई विषाणूची असते. ती दूषित पाण्यातून येते आणि बहुतेकांची आपोआप जाते. गरोदर बाईला मात्र ई जिवावर बेतू शकतो. तिला तातडीने दवाखान्यात न्यायलाच हवं. यकृताचा कर्करोग सहसा या दोघांमुळे होत नाही.

तो होतो मुख्यतः हिपॅटायटिस बी आणि सी मुळे. रक्त, वापरलेली सुई, शरीरसंबंध, बाळंतपणात आईकडून बाळाला, अशा वाटांनी ते येतात आणि डोळे पिवळे न करता वर्षानुवर्षं यकृतात राहतात. बी ची जनुकसंहिता जेमतेम 3,200 अक्षरांची. तिचे तुकडे थेट आपल्या पेशीच्या डीएनएत शिरतात. कर्करोगाच्या अनेक गाठींत ते टर्ट नावाच्या जनुकाशेजारी सापडले आहेत. प्रौढ यकृतपेशीत हे जनुक जवळपास बंद असतं. ते जागं झालं की पेशी विभागतच राहते.

जनुकांची अभिव्यक्ती म्हणजे हेच बंद-चालू असणं. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत तीच सुमारे 20,000 जनुकं असतात. हे धरणासारखं आहे. भातसा धरणात पाणी तेच असतं. कुठला दरवाजा किती उघडला, त्यावर खालच्या गावांचं ठरतं. पेशीतला आरएनए मोजला की कुठलं जनुक किती चालू आहे ते कळतं.

या मोजणीतून 2008 साली एक विलक्षण गोष्ट पुढे आली. युजिन होशिदा, टॉड गोलब आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या, मेणात जपलेल्या यकृताच्या तुकड्यांतली जनुकं तपासली. काही तुकडे वीसहून अधिक वर्षं जुने होते. रुग्ण किती जगेल याचा अंदाज गाठीच्या नमुन्यातून लागेना. तो लागला गाठीशेजारच्या, कर्करोग नसलेल्या यकृतातल्या 186 जनुकांवरून. गाठ काढून टाकली तरी धोका उरलेल्या यकृतात असतो, तिथे पुन्हा नवी गाठ धरू शकते. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो नजर गाठीवरून काढून कित्येक वर्षं आधीच्या, दुखणं न जाणवणाऱ्या यकृताकडे वळवतो.

ही जनुकचाचणी रोजच्या उपचारात अजून रुळलेली नाही. पण त्या आधीच्या वर्षांत करण्यासारखं बरंच आहे. पोटात पाणी होऊन, वजन उतरून मग पहाटेच्या कसारा लोकलने परळचं टाटा रुग्णालय गाठण्यापेक्षा बी ओळखणारी रक्ताची साधी एचबीएसएजी चाचणी खूप आधी करता येते. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी ची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सी बहुतेकांचा काही महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बी दाबून ठेवता येतो. धोका जास्त असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते.

आणि लस. जन्मतःच बी ची लागण झालेल्या दहांपैकी जवळपास नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. मोठ्यांत हे प्रमाण विसात एकाहूनही कमी. म्हणून पहिला डोस जन्मानंतर 24 तासांच्या आत हवा. दवाखान्यात तो दिला जातो. पाड्यावर घरीच बाळंतपण झालं की हुकतो. अशा वेळी आशाताईला त्याच दिवशी निरोप जायला हवा.