बांधापासून भिंतीपर्यंत

गावाकडे बांध कोरला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अबोला धरणारी माणसे पोटापाण्यासाठी मुंबईच्या उपनगरांत आली तेव्हा बांध मागे राहिला; हद्दीचा अभिमान मात्र ट्रंकेतून बरोबर आला. घाटकोपर-अंधेरी 1950 साली आणि बोरिवली-मुलुंड 1957 साली महापालिकेत सामील झाली, त्या सुमारास एका बाजूस बंगल्यांचे आखीव भूखंड आणि दुसऱ्या बाजूस, 1948 च्या कायद्यान्वये आलेल्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती, अशी शेजारव्यवस्था येथे आकारास येऊ लागली.

मध्ये असे ते मेंदीचे किंवा काटेरी तारेचे कुंपण. तळमजल्याच्या भाडेकऱ्याने चार केळी लावली, पुढे मोरी ओढली, की तार हातभर सरके. आणि सुईच्या अग्राएवढीही भूमी न सोडण्याचा दुर्योधनी निश्चय बंगलेवाल्याच्या ठायी संचारे. मौज अशी की, ज्याच्याशी भांडावयाचे त्या भाडेकऱ्याचा त्या जमिनीवर कवडीचाही हक्क नसे. मालक मंडळ, म्हणून फिर्याद मंडळाच्या मिळकत व्यवस्थापकाच्या दफ्तरी जाई, तेथून नगर भूमापन कार्यालयात, आणि अखेरीस एके दिवशी मोजणीदार साखळी घेऊन येई. त्याने खूण रोवली की उभय पक्ष कुरकुरत का होईना, गप्प बसत. 1966 च्या जमीन महसूल संहितेत हद्दी आणि हद्दीच्या खुणा यांवर स्वतंत्र प्रकरणच आहे; तंट्याला उत्तर होते, ते उशिरा मिळे इतकेच.

1977 साली मंडळाच्या जागी म्हाडा आली, कालांतराने अनेक इमारती भाडेकऱ्यांच्याच सहकारी संस्थांच्या नावे झाल्या, आणि कालचा भाडेकरू मालकाहूनही काटेकोर बनला.

खरा पालट 1995 साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने घडविला. झोपडीधारकाला तेव्हाच्या नियमाने 225 चौरस फुटांचे घर विनामूल्य, आणि त्याचा खर्च भरून निघावा म्हणून त्याच जमिनीवर विकाऊ इमारत, अशी ती योजना. म्हणजे विकत घेणाऱ्याच्या पैशावर पुनर्वसितांचे घर उभे राहिले आणि पुनर्वसितांच्या जमिनीवर विकत घेणाऱ्याचे. तरीही कोण कोणाचा ऋणको, हे विचारण्याआधीच विकासक मध्ये उंच भिंत घालून मोकळा होतो. या भिंतीचा तंटा मोजणीदाराच्या आवाक्यातला नव्हे. भांडण जमिनीसाठी नसून स्टेशनाकडे जाणाऱ्या जुन्या वहिवाटेसाठी, मुलांच्या चेंडूसाठी, भिंतीवर रोवलेल्या काचांसाठी आहे, आणि त्यासाठी साखळी कोठे लावावी? भिंतीची एक बाजू रंगविलेली, दुसरीस गिलावाही नाही. त्या बाजूच्या खिळ्यांना वाळवणाच्या दोऱ्या.

घाटकोपरच्या पंतनगरात मंडळाच्या जुन्या इमारती पाडून आता मनोरे उभे राहत आहेत. ज्यांच्या आजोबांनी तार सरकवून केळी लावली असतील, अशी नातवंडे आज त्या संस्थांच्या कार्यकारिणीत बसतात. आणि हद्द कायम मोजणीचा अर्ज आता त्यांच्याच शिक्क्यानिशी निघतो.