मॅक्रमेसाठी दोराची निवड

मॅक्रमे म्हणजे दोराला गाठी मारून शोभेच्या व उपयोगाच्या वस्तू तयार करण्याची कला. माग वा सुईची गरज नसल्याने महिला बचत गटांच्या वर्गांत व शाळांतील कार्यानुभवाच्या तासांत ती सहज सामावते. आपल्याकडील शिंके हे तिचे जुने नातलगच म्हणावे लागेल. मात्र साहित्य खरेदी करताना दोराच्या रंगाकडे व चकाकीकडेच अधिक लक्ष जाते. वस्तूवर किती भार पडणार आणि ती घरात राहणार की उन्हापावसात, हे आधी ठरवावे व मगच दोर निवडावा.

भिंतीवरील शोभेच्या कामास सुती दोर सर्वांत उत्तम. तो बोटांना मऊ लागतो, गाठ घट्ट बसते आणि चुकलेली गाठ सोडवताही येते. नवशिक्यांस ३ ते ५ मि.मी. जाडी सोयीची. एकेरी पिळाच्या दोराची टोके विंचरली की सुरेख झालर होते. पण गाठी वारंवार सोडल्यास तो विसकटतो, म्हणून शिकण्यासाठी तीनपेडी दोर बरा. सूत भिजल्याने कमजोर होत नाही, उलट त्याची ताकद काहीशी वाढते. सतत ओले राहिले तर मात्र कुजते. तागाच्या सुतळीचे उलट आहे. ओलाव्याने तिची ताकद घटते. २० सें.मी. व्यासाची कुंडी ओल्या मातीसह सहासात किलो सहज भरते; रोज पाणी घातल्या जाणाऱ्या अशा कुंडीसाठी सुतळीवर विसंबू नये. काथ्याचा सुंभ पाण्यात टिकतो, पण तो राठ असल्याने त्यात बारीक नक्षी साधत नाही.

बाजारात ‘नायलॉनची’ म्हणून मिळणारी चकचकीत दोरी पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनची असते. परीक्षा सोपी आहे. छोटा तुकडा पाण्यात बुडवून, दाबून त्यातील हवा काढावी. नायलॉन तळाशी जाते, पॉलिप्रॉपिलीन तरंगते. उन्हाने दोन्ही झिजतात. पण संरक्षक द्रव्य न मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन लवकर ठिसूळ होते. दोहोंची टोके ज्योतीवर वितळवून बंद करता येतात. गुळगुळीतपणामुळे गाठी सरकतात, त्या अधिक आवळाव्या लागतात.

झोपाळ्याबाबत विशेष दक्षता अगत्याची आहे. दोर उभ्या स्थितीपासून ६० अंशांपर्यंत नेऊन झोका सोडला, तर खालच्या टोकाशी दोरांवर बसणाऱ्याच्या वजनाच्या दुप्पट ताण येतो. त्यातच गाठीपाशी दोराची ताकद घटते, काही गाठींत ती निम्म्यावर येते. म्हणून भार पेलण्यासाठी भारक्षमता नमूद केलेला जाड दोर वेगळा घ्यावा व मॅक्रमेचे काम त्याभोवती केवळ शोभेपुरते ठेवावे. मुलांसाठी झोपाळे करणाऱ्या गटांनी येथे काटकसर करू नये.

दोर किती लागेल, याचा ढोबळ हिशेब असा: दुमडल्यावर प्रत्येक पदर तयार वस्तूच्या चौपट लांब असावा. ६० सें.मी. लांबीच्या पट्टीसाठी ४.८० मीटरचा दोर कापून मधोमध दुमडावा. असे १२ दोर म्हणजे सुमारे ५८ मीटर. चौकोनी गाठींच्या साखळीत मधले दोन पदर फारसे खर्च होत नाहीत, ते आखूड चालतात. रंगीत दोराचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून रंग सुटत नाही याची खात्री करावी आणि सर्व माल एकदमच घ्यावा; त्याच रंगाची छटा पुढच्या खेपेस जुळेलच असे नाही.